राज्याचा कर, राज्याचा खर्च आणि पक्षाचे नेते : जाब कुणाला आणि कसा विचारायचा

‘एवढा कर भरतो, तो जातो कुठे?’ हा प्रश्न टपरीवर चालतो. अर्जात तसाच लिहून दिला, तर त्याला एका ओळीत वाटेला लावता येतं. उत्तर हवं असेल तर तीन गोष्टी आधी नक्की कराव्या लागतात : कर कुणाचा आहे, खर्चाचा आकडा कुठल्या रकान्यातला आहे, आणि त्या कागदावर सही कुणाची आहे. पुढची सगळी माहिती महाराष्ट्रापुरती आहे. गोव्यात आणि इतर राज्यांत अर्थसंकल्पाची रचना साधारण हीच असते, पण कराचे दर, अर्जाची फी आणि नियम वेगळे असतात.

कर कुणाचा?

आयकर आणि पेट्रोलवरचं केंद्रीय उत्पादन शुल्क केंद्राकडे जातं. घरपट्टी, पाणीपट्टी महापालिकेची, नगरपरिषदेची किंवा ग्रामपंचायतीची. राज्याच्या वाट्याला येतात ते राज्य जीएसटी, पेट्रोल-डिझेल आणि दारूवरचा व्हॅट, दारूवरचं उत्पादन शुल्क, मुद्रांक व नोंदणी, मोटार वाहन कर, वीज शुल्क आणि व्यवसाय कर. घरपट्टी वाढली म्हणून आमदाराच्या दारात जाणारे आणि पेट्रोल महागलं म्हणून नगरसेवकाला धरणारे, दोघांचाही दिवस फुकट जातो.

वर्षभराचा आपला राज्य कर एका पानावर मांडता येतो. पगारदाराचा महिना 10,000 रुपयांच्या वर असेल तर व्यवसाय कर दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300, म्हणजे वर्षाला 2,500 रुपये. संविधानाच्या अनुच्छेद 276 नुसार यापेक्षा जास्त घेताच येत नाही. महिलांना एप्रिल 2023 पासून 25,000 रुपयांपर्यंतच्या मासिक पगारावर तो माफ आहे. तसं असूनही कापला जात असेल, तर चूक बहुधा कंपनीच्या पगारपत्रकात असते.

घरगुती वीजबिलात ‘वीज शुल्क’ अशी वेगळी ओळ असते, दर 16 टक्के. आकारणी 2,000 रुपयांची असेल तर 320 रुपये राज्याच्या तिजोरीत जातात. त्याच बिलावरचा इंधन समायोजन आकार मात्र कर नव्हे. तो वीज कंपनीचा असतो आणि त्यावर वीज नियामक आयोगाचं नियंत्रण असतं. बिलाबद्दलचं निवेदन अर्थमंत्र्यांना देताना हे दोन्ही एकाच बेरजेत धरले, तर ते वाचणारा अधिकारी तिथेच थांबतो.

पेट्रोलवर जुलै 2024 पासून मुंबई-ठाणे-नवी मुंबईतला व्हॅट 26 वरून 25 टक्क्यांवर आला. त्यावर लिटरमागे 5.12 रुपयांचा ठोक अधिभार वेगळा. टक्केवारीचा भाग तेलाच्या दराबरोबर आपोआप वाढतो, ठोक भाग जागचा हलत नाही. ‘सरकारने कर वाढवला’ असं म्हणण्याआधी दर वाढला की फक्त रक्कम वाढली, ते पाहावं. दोन्हींत राज्याला जास्त पैसे मिळतात, पण पहिल्याला अधिसूचना लागते आणि दुसऱ्याला काहीच लागत नाही.

मोठी रक्कम जाते ती घर आणि गाडीवर. आठ लाखांच्या पेट्रोल गाडीवर 11 टक्के, म्हणजे 88,000 रुपये वाहन कर. पुणे महापालिका हद्दीत 50 लाखांच्या सदनिकेवर 7 टक्क्यांनी 3,50,000 रुपये मुद्रांक शुल्क आणि वर नोंदणीचे 30,000. त्या सातातले मूळ मुद्रांक शुल्काचे टक्के पाच. उरलेल्या दोनांपैकी एक स्थानिक संस्थेसाठी, एक मेट्रोसाठी. खरेदी फक्त महिलेच्या नावावर असेल तर एक टक्का सवलत. आकारणी करारातली किंमत आणि रेडी रेकनरची (भागानुसार ठरवलेल्या सरकारी दरांच्या तक्त्यातली) किंमत यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर होते, आणि रेडी रेकनर दरवर्षी राज्य सरकारच ठरवतं. म्हणून शुल्काची टक्केवारी तीच राहूनही भार वाढू शकतो.

जीएसटीचं तसं नाही. बिलावर निम्मा कर राज्याचा दिसतो, पण दर जीएसटी परिषद ठरवते. तिथे केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि ठराव मंजूर व्हायला तीन चतुर्थांश लागतात. म्हणजे केंद्राच्या संमतीशिवाय काही हलत नाही आणि एकटं महाराष्ट्र सरकारही काही बदलू शकत नाही. व्हॅट, मुद्रांक, वीज शुल्क, वाहन कर हे मात्र मुंबईतच ठरतात. जाब विचारायचा तो यांच्यावर.

केंद्राच्या वाटपाचा वादही एकदाच समजून घ्यावा आणि बाजूला ठेवावा. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 साठी विभाज्य (केंद्राने गोळा करून राज्यांत वाटायच्या) करांतला 41 टक्के हिस्सा राज्यांना दिला. त्यात महाराष्ट्राचा वाटा 6.317 टक्के आणि उत्तर प्रदेशाचा 17.939. उपकर आणि अधिभार या वाटपात धरलेच जात नाहीत. तक्रार रास्त आहे, पण ‘केंद्राने दिलं नाही’ हे राज्यातल्या प्रत्येक खर्चाचं उत्तर होऊ शकत नाही.

अर्थसंकल्पाचं पुस्तक कुठून उघडायचं

भाषणापासून सुरुवात करू नये. भाषणात घोषणा असतात, तरतुदी पुस्तकात. वित्त विभागाच्या संकेतस्थळावर ‘अर्थसंकल्प संक्षेपात’ मिळतो, तो आधी घ्यावा. आकडे हजारांत, लाखांत की कोटींत आहेत ते पानाच्या वरच्या कोपऱ्यात छापलेलं असतं. सर्वांत जास्त चुका तिथे होतात. लाखांतला आकडा कोटी समजून छापलेली निवेदनं विधानभवनात पोचतात आणि हसण्यावारी जातात.

10 मार्च 2025 ला मांडलेला 2025-26 चा अर्थसंकल्प घेऊ. एकूण खर्च 7,00,020 कोटी. महसुली जमा 5,60,964 कोटी, महसुली खर्च 6,06,855 कोटी, म्हणजे महसुली तूट 45,891 कोटी. राजकोषीय तूट, म्हणजे एकूण खर्च भागवायला लागणारं कर्ज, 1,36,235 कोटी. नजर ठेवायची ती महसुली तुटीवर. पूल आणि धरणांसाठी कर्ज काढणं वेगळं. पगार, पेन्शन, व्याज आणि अनुदानं भागवायलाही कर्ज लागत असेल, तर ते 45,891 कोटी पुढच्या वर्षांच्या व्याजात परत भेटतात. व्याजाचा खर्च ‘भारित’, म्हणजे द्यावाच लागणारा, असतो. त्यावर विधानसभेत चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. मतदान होतं ते ‘दत्तमत’ खर्चावर.

प्रत्येक ओळीपुढे सहसा चार आकडे असतात : दोन वर्षांपूर्वीची प्रत्यक्ष रक्कम, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, त्याच वर्षाचा सुधारित अंदाज आणि येणाऱ्या वर्षाचा अंदाज. ‘तरतूद 20 टक्क्यांनी वाढवली’ असं ऐकलं की तुलना कशाशी केली ते तपासावं. सुधारित अंदाज मध्येच कापलेला असेल, तर पुढच्या वर्षी जुनाच आकडा लिहूनही ती ‘वाढ’ दिसते. प्रत्यक्ष रकमेच्या रकान्यात बनवाबनवीला जागा कमी. तो आधी वाचावा.

लेखाशीर्षांचे, म्हणजे जमा-खर्चाच्या खात्यांचे, चार अंकी क्रमांक देशभर सारखेच आहेत. पहिला अंक 0 किंवा 1 असेल तर महसुली जमा, 2 किंवा 3 महसुली खर्च, 4 किंवा 5 भांडवली खर्च, 6 किंवा 7 कर्जं आणि आगाऊ रकमा, 8 म्हणजे लोकलेखा. 0030 मुद्रांक, 0039 राज्य उत्पादन शुल्क, 0041 वाहन कर. 2049 व्याज, 2071 निवृत्तिवेतन, 2202 सामान्य शिक्षण, 2210 आरोग्य. रस्त्यांचे दोन आहेत : 3054 मध्ये देखभाल, 5054 मध्ये नवं बांधकाम. खड्ड्यांबद्दल विचारताना 5054 चा आकडा देऊ नका. तिथे हजारो कोटी दिसतील आणि तुमच्या रस्त्याच्या डागडुजीसाठी 3054 रिकामं असेल.

पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पानंतर वर्षाच्या मध्येच विधिमंडळाकडे मागितलेला जादा खर्च, बहुतेक लोक वाचतच नाहीत. 28 जून 2024 ला अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला गेला आणि 9 जुलैला 94,889 कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या, म्हणजे अकरा दिवसांनी. 2025 च्या पावसाळी अधिवेशनात 57,509 कोटींच्या आल्या. संविधानाच्या अनुच्छेद 205 मध्ये याची सोय अनपेक्षित गरजांसाठी आहे. अकरा दिवसांत एवढं अनपेक्षित काय घडलं, हा प्रश्न विचारायला कुठलंही विशेष ज्ञान लागत नाही. मार्चमध्ये ऐकलेल्या आकड्यावर वर्षभर भांडणाऱ्याने दर अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्यात ही पुस्तिका उतरवून घ्यावी.

तरतूद म्हणजे पैसे नव्हेत. महाकोष या राज्याच्या कोषागार संकेतस्थळावरच्या ‘बीम्स’ प्रणालीवर विभागवार तरतूद, वितरित निधी आणि खर्च असे वेगवेगळे आकडे दिसतात. डिसेंबरअखेरीस ज्या विभागाला तरतुदीच्या तिसऱ्या हिश्शाइतकाही निधी वितरित झालेला नसेल, त्याच्या घोषणा बाजूला ठेवाव्यात. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात हेच आकडे उडी मारतात, कारण न खर्चलेली तरतूद 31 मार्चला रद्द होते. त्यामुळे एकच नोंद पुरत नाही. डिसेंबरअखेर, फेब्रुवारीअखेर आणि 31 मार्चनंतर अशा तीन तारखांची पानं जपून ठेवावीत.

निधी वळवण्याचं प्रकरणही इथेच पकडता येतं. मे 2025 मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे 410.30 कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे 335.70 कोटी गेल्यावरून वाद झाला. त्या समाजांतल्या लाभार्थी महिलांसाठीच ती रक्कम आहे, असं सरकारचं म्हणणं. अशा वेळी वर्तमानपत्राच्या मथळ्यावर न थांबता शासन निर्णय उघडावा आणि शेवटच्या परिच्छेदातलं लेखाशीर्ष पाहावं. ते अर्थसंकल्पातच त्या योजनेसाठी दाखवलेलं असेल तर वाद धोरणाचा. दुसऱ्या योजनेचं असेल तर वाद नियमाचा, आणि तो सरकारी खर्च तपासणाऱ्या विधिमंडळाच्या लोकलेखा समितीपर्यंत नेता येतो.

एक रस्ता, एक फाईल

संपूर्ण राज्याचा हिशेब एका नागरिकाला लागत नाही. एका कामाचा लागतो. माहिती अधिकाराचा अर्ज त्यासाठी. महाराष्ट्रात फी 10 रुपये आहे, आणि 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवला तरी चालतो. अर्ज जोडपत्र ‘अ’ च्या नमुन्यात, एकाच विषयावर आणि साधारण 150 शब्दांत असावा लागतो. ही अट महाराष्ट्राच्या 2012 च्या सुधारित नियमातली आहे. बाहेरच्या राज्यातले नमुने जसेच्या तसे उतरवणारे इथेच अडकतात.

‘का’, ‘कोणी खाल्ले’, ‘जबाबदार कोण’ हे शब्द काढून टाका. नोंदी मागा. रस्त्याच्या कामासाठी मजकूर असा लिहिता येईल :

‘अमुक ते तमुक रस्त्याच्या, अमुक वर्षात झालेल्या कामासंबंधी पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात : प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता व अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, गुणनियंत्रण चाचणी अहवाल, अदा केलेली देयके, दोषदायित्व कालावधी नमूद असलेले कराराचे पान, व काम ज्या लेखाशीर्षाखाली झाले त्याचा क्रमांक.’

फाईल मोजमाप पुस्तिकेतून बोलायला लागते. अंदाजपत्रकात डांबराच्या थराची जाडी लिहिलेली असते. पुस्तिकेत लांबी, रुंदी, जाडी आणि मोजणीची तारीख असते. आधी तारीख जुळवावी : देयक मोजणीच्या आधीचं निघालं तर पुढचं फार बघावं लागत नाही. मग रुंदी. गावातून जाणारा रस्ता प्रत्यक्षात जागोजागी अरुंद असतो आणि पुस्तिकेत टोकापासून टोकापर्यंत एकच रुंदी असते. ती टेपने मोजता येते. जाडीसाठी चाचणी अहवाल लागतो. खड्डा दोषदायित्व कालावधीतला असेल तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते, आणि त्याच रस्त्यावर 3054 मधून पुन्हा खर्च दाखवलेला असेल तर विचारायला एक पक्का मुद्दा हाती येतो.

अर्ज कुणाकडे द्यायचा, यात बराच वेळ जातो. रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा की जिल्हा परिषदेचा, ते आधी पाहावं. चुकला तरी माहिती अधिकार कायद्याच्या कलम 6(3) प्रमाणे पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवणं त्यांचं काम आहे, त्यामुळे परत घेऊ नका. प्रतींचे पानामागे 2 रुपये. पानं पाचशे निघाली, तर प्रती न मागता फाईल पाहायला मागावी. पहिला तास विनाशुल्क असतो आणि नेमकी कुठली वीस पानं हवीत ते तिथेच कळतं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही की पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, फी 20 रुपये. त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील, तिथेही 20 रुपये. आयोगात मात्र दीर्घकाळ ताटकळावं लागतं. पहिल्या अपिलाच्या सुनावणीला स्वतः हजर राहिलं तर बरीचशी प्रकरणं तिथेच सुटतात.

आमदार निधी वर्षाला 5 कोटी असतो. आमदार काम सुचवतात, मंजुरी आणि पैसे जिल्हाधिकारी कार्यालयातून जातात. म्हणून अर्ज आमदाराच्या संपर्क कार्यालयात नव्हे, जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यायचा. कामनिहाय यादी मागावी, त्यात शिफारशीची तारीख आणि पूर्णत्वाचा दाखला हे दोन रकाने हवेतच.

आमदार काय करू शकतात, काय नाही

‘आमच्या आमदारांनी अर्थसंकल्पाविरुद्ध मत का दिलं नाही?’ याचं उत्तर संविधानाच्या दहाव्या अनुसूचीत, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात आहे. व्हिप (पक्षाचा मतदानाचा आदेश) मोडून मत दिलं तर अपात्रतेची तलवार. पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं तरच सुटका. सत्ताधारी आमदाराकडून विरोधी मताची अपेक्षा धरून काही हाती लागत नाही.

प्रश्न विचारण्यावर मात्र असं बंधन नाही. तारांकित प्रश्न (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा), लक्षवेधी सूचना, विभागाच्या मागणीवरचं भाषण हे सत्ताधारी आमदारही करतात, आणि आपल्याच मंत्र्याला अडचणीत आणायची हौस बऱ्याच जणांना असते. त्यांना लागतो तयार माल. एका पानावर लेखाशीर्ष, पुस्तकातलं पान, ‘बीम्स’वरची तारखेसह नोंद आणि शेवटी दोन ओळींचा प्रश्न लिहून द्या. दहा मागण्यांचं निवेदन फोटो काढून फाईलला लागतं.

वेळ पाळावी लागते. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपुरात. प्रश्नांची सूचना अधिवेशनाच्या कितीतरी आधी द्यावी लागते, त्यामुळे अधिवेशन सुरू झाल्यावर दिलेलं पत्र पुढच्या खेपेला जातं. तुमचे आमदार मंत्री असतील तर ते सभागृहात प्रश्न विचारू शकत नाहीत. शेजारच्या मतदारसंघातला आमदार किंवा विधान परिषदेतला पदवीधर वा शिक्षक मतदारसंघाचा सदस्य गाठावा. परिषदेत मागण्यांवर मतदान होत नाही, पण प्रश्न चालतात.

कॅगचे, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचे, अहवाल बहुतेकदा अधिवेशनाच्या अगदी शेवटी पटलावर येतात आणि चर्चेविना राहतात. त्यातला आपल्या जिल्ह्याचा परिच्छेद काढून पुढच्या अधिवेशनासाठी द्यावा. मंत्र्यांना ‘माहिती घेतली जात आहे’ म्हणायला तिथे जागा उरत नाही, कारण त्या परिच्छेदाला विभागाने दिलेला खुलासा अहवालातच छापलेला असतो.

पक्षाच्या नेत्यांना कुठे गाठायचं

तिकीट कुणाला आणि जाहीरनाम्यात काय, हे नेते ठरवतात. त्यांना माहिती अधिकारात गाठता येत नाही. केंद्रीय माहिती आयोगाने जून 2013 मध्ये सहा राष्ट्रीय पक्ष ‘सार्वजनिक प्राधिकरण’ असल्याचा निर्णय दिला, पक्षांनी तो पाळला नाही. पक्ष कार्यालयात पाठवलेले 10 रुपये वाया जातात. निवडणूक आयोगाकडे मात्र पक्षांना काही कागद द्यावेच लागतात, आणि ते आयोगाच्या संकेतस्थळावर असतात.

जाहीरनाम्यापासून सुरुवात करा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालानंतर आयोगाने आचारसंहितेत घातलं की आश्वासनामागचं कारण आणि पैसे उभे करण्याचा ढोबळ मार्ग पक्षाने सांगावा. 2024 च्या विधानसभेला महायुतीने महिलांना 1,500 ऐवजी 2,100 रुपये देऊ म्हटलं, महाविकास आघाडीने 3,000. हिशेब पाटीवर होतो. 2025-26 ला लाडकी बहीणसाठी 36,000 कोटी ठेवले. वर्षाला 18,000 रुपयांप्रमाणे ते दोन कोटी महिलांना पुरतात. त्याच दोन कोटींना 2,100 द्यायचे तर 50,400 कोटी, 3,000 द्यायचे तर 72,000 कोटी. वर दिलेली महसुली तूट शेजारी लिहा आणि दोन्ही बाजूंच्या सभेत एकच प्रश्न विचारा : वरचे पैसे कुठल्या करातून किंवा कुठला खर्च कापून? योजना चांगली की वाईट हा वेगळा वाद, त्यात शिरलात की नेता सुटला.

देणग्यांसाठी 20,000 रुपयांवरच्या देणगीदारांची वार्षिक यादी आणि लेखापरीक्षित हिशेब असे दोन वेगळे कागद आहेत. यादीची बेरीज पक्षाच्या एकूण उत्पन्नाशी जुळत नाही, कारण छोट्या देणग्या यादीत नसतात. जुनी वर्षं पाहताना निवडणूक रोख्यांतून आलेली रक्कमही हिशेबातच दिसते. ते रोखे सर्वोच्च न्यायालयाने 15 फेब्रुवारी 2024 ला रद्द केले. शिवसेना आणि राष्ट्रवादी यांच्या बाबतीत आणखी एक खबरदारी : आयोगाने नाव-चिन्हाचे निर्णय 17 फेब्रुवारी 2023 आणि 6 फेब्रुवारी 2024 ला दिले. त्या तारखांच्या पुढचे-मागचे कागद एकाच नावाखाली जोडले, तर एका गटाचा पैसा दुसऱ्याच्या खात्यात दिसतो.

गुन्हे दाखल असलेल्या उमेदवाराला तिकीट दिलं, तर पक्षाने निवडीनंतर 48 तासांत ‘सी-7’ नमुन्यात कारण जाहीर करायचं असतं. ‘निवडून येण्याची क्षमता’ एवढंच कारण चालत नाही, असं न्यायालयाने स्पष्ट सांगितलेलं आहे. आपल्या मतदारसंघाचा हा नमुना प्रचाराच्या काळातच उतरवून ठेवावा. बहुतेक ठिकाणी ‘लोकप्रिय समाजसेवक’ छापाची एकच ओळ सगळ्या उमेदवारांपुढे चिकटवलेली सापडते, आणि आयोगाकडे तक्रार करायला दोन मतदारसंघांतली सारखी वाक्यं शेजारी ठेवणं पुरतं.

निकालानंतर तीस दिवसांत प्रत्येक उमेदवाराला खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे द्यावा लागतो. विधानसभेसाठी मर्यादा 40 लाख आहे. हा हिशेब नाममात्र शुल्कात कुणालाही पाहता येतो. मंडप, वाहनं आणि जेवण या तीन ओळी आधी काढा, कारण प्रचारात डोळ्यांनी पाहिलेलं त्यांच्याशीच ताडता येतं. सभेचे तारखेसह फोटो जवळ असतील, तर त्या दिवसाची नोंद उघडून खुर्च्यांची संख्या मोजून घ्यावी.